पहिली-दुसरीच्या वर्गात या आठवड्यात काय चाललंय? शनिवारच्या वीस मिनिटांत घरबसल्या कसं ओळखायचं

"आज काय शिकवलं रे?"

"काईच नाई."

शाळेतून आलेल्या सहा वर्षांच्या पोराचं हे उत्तर ठरलेलं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात पहिली-दुसरीला शिकवते. द्विशिक्षकी शाळा, म्हणजे माझ्याकडे दोन्ही वर्ग एकाच खोलीत आणि फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ. ज्या दिवशी फरशीवर चिंचोके मांडून, गाणी म्हणून माझा घसा बसलेला असतो, त्या दिवशीही माझ्या वर्गाचा घरी पोचलेला वृत्तांत "काईच नाई" असाच असतो. पोरगं खोटं बोलत नाही. त्याच्या लेखी ते खेळलं, काड्या मोजल्या, खिचडी खाल्ली आणि घरी आलं. यातलं 'शिकणं' कुठलं, हे त्याला वेगळं काढून दाखवता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी हुशारी करायला गेले. दर शनिवारी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहायला लागले: 'अक्षरगट २ पूर्ण. संख्याज्ञान १ ते २०. श्रवण-भाषण कृती.' तिसऱ्या शनिवारी वर्गातल्या एका पोरीची आजी शाळेच्या फाटकाशी भेटली. म्हणाली, "मॅडम, बचत गट तं मले मालूम हाये, हा अक्षरगट कोन्ता?" मी हसले, पण घरी गेल्यावर माझेच मेसेज वाचून बघितले. ते मी पालकांसाठी लिहिलेच नव्हते, केंद्रप्रमुखांसाठी लिहिले होते.

तेव्हा हा लेख त्या आजीसाठी, आणि सकाळी भाकरी बांधून वावरात जाणाऱ्या, सांजच्याला थकून येणाऱ्या आई-बापांसाठी. स्वतःला वाचता येत नसलं तरी यातलं निम्म्याहून जास्त जमतं. रोज अभ्यास घ्यायची गरज नाही. आठवड्यातून एकदा, शनिवारी, वीस मिनिटं द्या. शनिवारी शाळा सकाळची असते आणि पोरं दुपारपर्यंत घरी असतात. तुमच्या गावचा बाजार शनिवारी असेल तर रविवार धरा. दिवस कोणताही चालेल, पण तो दर आठवड्याला तोच ठेवा.

आधी हे बघा: वर्षाच्या कोणत्या टप्प्यावर आहात

बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो. पुण्यात राहणारी नणंद फोनवर "आमच्या सोनूची पाच अक्षरं झाली" म्हणाली की इकडे घाबरायचं कारण नाही. ती आठवडाभर पुढे आहे, एवढंच.

दुसरी गोष्ट, आणि हिच्यावरून माझ्याशी सगळ्यात जास्त भांडणं होतात. पहिलीचे सुरुवातीचे तीन महिने 'विद्याप्रवेश' नावाचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम असतो. गाणी, गोष्टी, ठसे, रेघोट्या, वस्तूंची वर्गवारी, लहान-मोठं, वर-खाली. यात वहीत फार काही दिसत नाही. पोळा येतो, तान्हा पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन मिरवून येतात, आणि बाप विचारतो, "मॅडम, दोन महिने झाले, अजून नुसते गानेच का?" ज्या पोराला 'कमळ' हा शब्द क-म-ळ असा तोंडाने फोडता येत नाही, त्याला 'क' गिरवून काही उमगत नाही. बोटांचंही तसंच. मातीच्या गोळ्या वळून, कागद फाडून, रेघोट्या ओढून बोटांत जोर आला की पेन्सिल सरळ धरता येते. म्हणून जुलै-ऑगस्टच्या शनिवारी वही शोधू नका. पोराला एक गाणं म्हणायला लावा आणि एक गोष्ट सांगायला लावा. गोष्टीत 'मंग काय झालं?' असं विचारत गेल्यावर तीन घटना ओळीने सांगता आल्या, तर त्या आठवड्याचं काम झालं आहे.

दप्तर उघडा, पण प्रश्न विचारू नका

प्रश्नांनी पोरं मिटतात. त्यापेक्षा दप्तर समोर घ्या आणि पोरालाच म्हणा, "दाखव बरं, या आठवड्यात कुठवर आलास."

वही शेवटच्या लिहिलेल्या पानापासून उलटी चाळा. सोमवारपासूनची चार-पाच पानं पुरे. तारीख असेलच असं नाही, कारण जून-जुलैत पोरांना तारीख लिहिता येत नाही. माझी सही किंवा खूण मात्र असते. एकच अक्षर पानभर उतरवलेलं दिसलं की पालक खूष होतात. मला विचाराल तर त्या पानातून कळतं फार थोडं. पहिल्या ओळीतला 'र' आणि शेवटच्या ओळीतला 'र' शेजारी ठेवून बघा. शेवटचा बिघडलेला असेल तर पोर थकलं होतं. शेवटचा सुधारलेला असेल तर हात बसतोय. बाकी पान मोजत बसू नका.

पानाच्या कोपऱ्यात चित्र आणि त्याखाली वेडंवाकडं काही लिहिलेलं दिसलं, 'माह बल' असं काही, तर तिथे थांबा. पोराने बैल काढला आणि 'माझा बैल' लिहायचा प्रयत्न केला. कोणी सांगितलं नव्हतं, फळ्यावरून उतरवलंही नव्हतं. पानभर गिरवलेल्या 'र'पेक्षा या दोन चुकलेल्या शब्दांतून मला त्या पोराबद्दल जास्त कळतं. लाल पेनाने खोडू नका. "वाचून दाखव" म्हणा आणि ऐका.

पाटीचा एक घोटाळा लक्षात ठेवा. वर्गातलं अर्धं काम पाटीवर आणि फरशीवर होतं, आणि पाटी पुसली जाते. म्हणून वहीत काही नाही म्हणजे वर्गात काही झालं नाही, असं होत नाही.

पुस्तकाबद्दल थोडक्यात: थोरल्या भावाचं पहिलीचं जुनं पुस्तक धाकट्याला देऊन काम भागवू नका. पहिलीची पुस्तकं २०२५-२६ पासून बदलली आहेत. पुस्तकं शाळेतून फुकट मिळतात. हरवलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोबाईलवर उतरवता येतं.

मराठी: हा 'अक्षरगट' म्हणजे काय

आता आजीच्या प्रश्नाचं उत्तर. आपण शिकलो तेव्हा क, ख, ग, घ असं ओळीने शिकलो. त्यात 'ङ' आणि 'ञ'ही पाठ केले, जे उभ्या आयुष्यात लिहायला लागले नाहीत. आता अक्षरं त्या ओळीने येत नाहीत. चार-पाच अक्षरं आणि काना-वेलांटीसारखी एखादी खूण असा छोटा संच घेतात, तोच अक्षरगट, आणि त्यातून लगेच शब्द करतात. समजा संच असा आहे: न, म, क, र आणि काना. एवढ्यावर कान, नाक, मान, मका, रान, काम, करा, नमन, नकार होतात. आठवड्याभरात पोरगं 'मका' वाचतं, आणि मका त्याने वावरात पाहिलेला असतो. पुढच्या संचात आणखी चार अक्षरं, मग वेलांटी, उकार, मात्रा. प्रत्येक वर्गात संच तंतोतंत हाच असतो असं नाही. तुमच्या पोराच्या वहीत कोणता आहे तो बघा.

शनिवारी काय करायचं? संचातली अक्षरं जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठी मोठी लिहून घ्या. उन्हाळा संपता संपता कोणत्या घरात पत्रिकांचा गठ्ठा नसतो? तुम्हाला लिहिता येत नसेल तर शेजारच्या चौथीतल्या पोरीकडून लिहून घ्या. चौकोन कापा. मग पोराला म्हणा, "याच्यातून घरात सापडणाऱ्या तीन वस्तू कर." ते अक्षरं सरकवेल, चुकेल, 'कना' करेल, काना हलवून 'कान' करेल. तुम्ही बसून राहा. काना हलवतानाचा तो विचार म्हणजेच या आठवड्याचा अभ्यास.

यातला खरा सापळा वेगळाच आहे. पोरगं पुस्तक उघडतं आणि पाठ घडाघडा म्हणून दाखवतं. आजोबा खूष, दहा रुपये बक्षीस. पण ते वाचत नसतं. चित्र बघून, वर्गात दहादा ऐकलेलं तोंडपाठ म्हणत असतं. तपासायची सोपी युक्ती आहे. चित्रावर हात ठेवा आणि बोटाने शेवटच्या ओळीतला मधलाच एखादा शब्द दाखवा. तिथे वाचलं तर वाचता येतं. अडखळून सुरुवातीपासून म्हणायला लागलं तर पाठांतर आहे. रागावू नका, पाठांतर ही वाचनाच्या आधीची पायरी आहे. पण बक्षीस जरा थांबवा.

एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं पोरं बरेच महिने घोळतात: भ आणि म, घ आणि ध, ब आणि व, ट आणि ठ. 'घर'ला 'धर' वाचलं तर तो मंदपणा नव्हे. दोन्ही अक्षरं शेजारी लिहून फरक कुठे आहे तिथे बोट ठेवायला सांगा. 'ध'चा माथा उघडा असतो, 'घ'ची शिरोरेघ सलग असते. एवढं पोराच्या तोंडून आलं की बरेचदा घोळ संपतो.

वाचायला नवं काय द्यायचं, असं विचाराल तर घरात आहेच: एसटीची पाटी, रेशन दुकानावरचा फळा, कॅलेंडर, बियाण्याची रिकामी पिशवी, दहाची नोट. नोटेच्या मागे बारीक अक्षरांत अनेक भाषांत किंमत लिहिलेली असते, त्यातली मराठी ओळ 'दहा रुपये' शोधायला सांगा, पोरं दहा मिनिटं त्यात डोकं घालून बसतात. फवारणीच्या औषधाचा डबा, बाटली, पुडी मात्र कितीही मोठी अक्षरं असली तरी वाचायला हातात देऊ नका. २०१७च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावलेली आमच्या जिल्ह्याने पाहिलीत.

घरची बोली आणि पुस्तकाची भाषा

आपल्याकडे पहिलीचा निम्मा गोंधळ इथे असतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. घरी 'पानी', पुस्तकात 'पाणी'. घरी 'डोया', पुस्तकात 'डोळा'. घरी 'मी जाऊन राह्यलो', पुस्तकात 'मी जात आहे'. पोराने श्रुतलेखनात 'पानी' लिहिलं तर त्याने चूक केली असं आपण म्हणतो. पण त्याने जे ऐकलंय ते नेमकं लिहिलं. त्याचा कान आणि हात दोन्ही बरोबर चालले आहेत.

मी वर्गात दोन्ही रूपं फळ्यावर लिहिते. डावीकडे 'घरी म्हणतो', उजवीकडे 'पुस्तकात लिहितो'. पोरं स्वतः शब्द आणतात. एका सोमवारी एक पोरगं 'सांबार' घेऊन आलं. डावीकडे 'सांबार' लिहिलं, उजवीकडे 'कोथिंबीर'. अर्ध्या वर्गाला कोथिंबीर हा शब्दच नवा होता. घरीही हेच करा. 'असं नाई म्हनू, असं म्हनाव' असं दरडावू नका. दरडावलेलं पोरगं वर्गात तोंड उघडत नाही, आणि पहिलीत तोंड उघडलं नाही तर पुढचं सगळं अडतं. पोराला दोन्ही शब्द आले पाहिजेत. आजीशी 'डोया', वहीत 'डोळा'.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी, आमच्या जिल्ह्यात कोलामी बोलणारी पोरं तर मराठी शाळेत पूर्णपणे दुसऱ्या भाषेत येतात. अशा घरांत गोष्ट आधी घरच्याच भाषेत सांगा आणि पोराकडून ऐकून घ्या. गोष्ट कळली असेल तर मराठी शब्द तिच्यावर नंतर बसतात.

गणित: चिंचोके, खराट्याच्या काड्या आणि एकोणतीस

शंभरपर्यंत पाढ्यासारखे आकडे म्हणणं म्हणजे मोजता येणं नव्हे. घरातली पडताळणी अशी करा. आठ चिंचोके पसरा. "किती?" पोर एकेका चिंचोक्याला बोट लावत मोजतंय का बघा. बोट पुढे आणि तोंड मागे राहत असेल, एखादा दोनदा मोजला जात असेल, तर या आठवड्यात एवढंच घ्या. बरोबर आठ म्हणाला? आता त्याच्यासमोरच चिंचोके लांब लांब पसरा आणि पुन्हा विचारा, "आता किती?" पुष्कळ पोरं परत मोजायला लागतात, काही तर "जास्त झाले" म्हणतात. सहाव्या वर्षी हे अगदी नेहमीचं आहे. महिनाभराने एखाद्या शनिवारी पोर न मोजताच तुमच्याकडे 'हे काय विचारणं झालं' अशा नजरेने बघेल. त्या दिवशी मला फोन करा.

सोयाबीनचे दाणे मोजायला देऊ नका, बारीक असतात आणि नाकात-कानात जातात. हे मी ऐकीव सांगत नाही.

दिवाळीनंतर दहाचा गठ्ठा येतो, दशक. खराट्याच्या काड्या दहा-दहा मोजून रबराने किंवा सुताने बांधा. एक गठ्ठा आणि तीन सुट्या म्हणजे तेरा. दोन गठ्ठे आणि एक सुटी म्हणजे एकवीस. इथे मराठी पोरांना एक खास अडचण आहे, ती नीट समजून घ्या. आपण 'एकवीस' म्हणताना एक आधी म्हणतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी, १ नंतर. पोर ऐकतं त्या क्रमाने लिहितं: १२. हे कानाप्रमाणे बरोबरच आहे! 'एकोणतीस' तर आणखी फसवं. ऐकू येतं 'तीस', म्हणून पोर ३९ लिहितं. १९ पासून ८९ पर्यंत सगळे 'एकोण'वाले आकडे असेच दगा देतात. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचायची रीत जोडीला दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. माझं मत विचाराल तर बोलताना एकवीसच म्हणा, पण गठ्ठे हातात असताना 'वीस आणि एक' म्हणायला काय बिघडतं? मी म्हणवून घेते. पोर लिहिताना चुकलं की मी खोडत नाही. "काड्या दाखव" म्हणते. दोन गठ्ठे उचलल्यावर ते स्वतःच १२ पुसतं.

बेरजेत बोटं मोजली म्हणून हातावर मारू नका. बघायचं ते असं: पाच अधिक तीन करताना पोर पुन्हा एकपासून मोजतं, की पाच मनात धरून 'सहा, सात, आठ' म्हणतं? पहिल्यातून दुसऱ्यावर येणं ही मोठी उडी आहे आणि ती कोणत्याच वहीत दिसत नाही. ती फक्त शेजारी बसणाऱ्याला दिसते. बाजारातून आल्यावर पिशवी रिकामी करताना विचारा: "टोपल्यात पाच वांगी आहेत, अजून तीन टाकली. किती?" टोपलं झाका, म्हणजे आतली पाच दिसणार नाहीत. मग पोराला पाचपासून पुढे मोजावंच लागतं.

आकड्यांच्या खुणा दोन आहेत, हेही सांगून टाका. पुस्तकात देवनागरी, नाण्यावर आणि मोबाईलवर इंग्रजी. दहाच्या नोटेवर दोन्ही सापडतात.

इंग्रजीचं या वयात मला फारसं ओझं वाटत नाही. गाणी, 'सिट डाऊन, स्टँड अप', रंगांची, जनावरांची नावं. पोराने म्हटलं तर म्हणा, नाही म्हटलं तर सोडा. खेळ, चित्र, कार्यानुभव यांना मात्र 'टाइमपास' समजू नका. आणि शनिवारी पोर दप्तर न घेता निघालं तर शाळा बुडवतंय असं समजू नका. २०२४ पासून 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आहे.

गुरुजींना, मॅडमला काय विचारायचं

"कसा हाये पोरगा अभ्यासात?" या प्रश्नाला आम्ही सगळे "ठीक आहे" म्हणतो. प्रश्नच तसा आहे. त्याऐवजी दोनच गोष्टी विचारा: "या आठवड्यात कोणती अक्षरं चालू आहेत?" आणि "ह्याचं नेमकं कुठं अडते?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना शिक्षकाला तुमचं पोर डोळ्यांसमोर आणावं लागतं. हा या प्रश्नाचा फायदा, थोडा आमच्या गैरसोयीचा.

वेळ शाळा सुटतानाची धरा. भर वर्गात दारात उभं राहून विचारलं तर माझे दोन वर्ग पाच मिनिटांत दोन टोळ्या होतात. आणि एखाद्या आठवड्यात मॅडम प्रशिक्षणाला, मतदारयादीच्या कामाला गेलेल्या असतात. त्या आठवड्यात वही कोरी असेल, तेव्हा पोराला धरू नका.

शाळेकडून आठवड्याचा निरोप येत नसेल तर तो शाळा व्यवस्थापन समितीत मागा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या महिला. बहुतेक गावांत समितीच्या बैठकीत चर्चा होते ती शौचालयाची, कुंपणाची, तांदळाची. त्यात दोन मिनिटांचा हा विषयही बसतो: शनिवारी व्हरांड्यातल्या फळ्यावर चार ओळी लिहाव्यात, एवढंच मागायचं.

आजीच्या त्या प्रश्नानंतर माझा निरोप असा जातो, आणि मी तो लिहून पाठवते त्याबरोबर आवाजातही पाठवते, कारण वाचणारं माणूस घरात नसू शकतं:

'रामराम. या आठवड्यात पहिलीच्या पोरांनी न, म, क, र आणि काना घेतला. घरी तीन शब्द करायला लावा: कान, मका, रान. गणितात नऊपर्यंत मोजलं. ताटात भाकरी वाढताना पोरालाच मोजायला लावा. सोमवारी येताना दहा चिंचोके आणावेत. दुसरीवाल्यांनी जोडाक्षर घेतलं: पत्र, चक्र. दुकानाच्या पाटीवर एक जोडाक्षर शोधून या.'

हे ऐकून झाल्यावर आजी काय करते? पोरीला हाक मारते, "ये वं, कान दाखव लिहून." अक्षर तिला ओळखता येत नाही, पण पोरीने पाटीवर काढलेलं शेजारणीला दाखवून खात्री करते. तेवढ्यात पोरीचं दोनदा वाचन होतं.

आठवडा बुडाला तर

सोयाबीनची सोंगणी आणि मग कापसाची वेचणी. ऑक्टोबर ते जानेवारी माझ्या हजेरीपटावर भोकं पडतात. कधी पोर आईबरोबर वावरात जातं, कधी मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते. मजुरी रोजची असते, मी कोणाला दोष देत नाही. पण हे करता येतं.

जायच्या आदल्या दिवशी सांगा. दोन दिवसांची बातमी आधी असली तर मी त्या पोराला अक्षरांच्या चिठ्ठ्या खिशात घालून देते. धुऱ्यावर बसून अक्षरं सरकवता येतात, मातीत काडीने काढताही येतात.

दोन-तीन दिवस बुडाले तर फार बिघडत नाही, संच तोच चालू असतो. पूर्ण आठवडा बुडाला तर पोर परत येतं तेव्हा वर्ग पुढच्या संचावर गेलेला असतो, आणि इथेच पोरं कायमची मागे पडायला लागतात. अशा वेळी पालक काय करतात? मैत्रिणीची वही आणून सगळी उतरवून घेतात. रात्री दिव्याखाली बसून पोर अकरा पानं उतरवतं. वही पूर्ण होते आणि पोराला त्यातलं एक अक्षर येत नाही. तसं करू नका. माझ्याकडे या, बुडालेला संच विचारा, आणि त्या शनिवारी नवा सोडून फक्त जुना घ्या. नवं मी वर्गात बघते.

महिनोनमहिने वीटभट्टीवर, ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावं. ते दाखवून पोराला तिथल्या शाळेत बसवता येतं, आणि कुठवर शिकलंय हे तिथल्या शिक्षकाला कळतं.

दुसरीत गेल्यावर

दुसरीत जोडाक्षरं, शंभरापुढचे आकडे, हातच्याची बेरीज येते, आणि वही भरलेली दिसू लागते. पालकांना हे वर्ष सोपं वाटतं. तसं ते असतंही, पण पहिलीतलं कच्चं असेल तर इथे उघडं पडतं.

५ जुलै २०२१ला केंद्राने 'निपुण भारत' अभियान सुरू केलं. त्यात तिसरी संपेपर्यंत प्रत्येक पोराला समजून वाचता यावं आणि पायाचं गणित यावं असं ठरलंय. इयत्तेप्रमाणे टप्पेही दिलेत. पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांचं, आधी न पाहिलेलं वाक्य वाचता यावं आणि ९९ पर्यंत आकडे लिहिता यावेत. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि ९९९ पर्यंत आकडे. तिसरीत मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, आणि ९९९९ पर्यंत आकडे. हे टप्पे वर्षाच्या शेवटचे आहेत. ऑक्टोबरच्या शनिवारी ते पोराच्या डोक्यावर मारू नका.

शब्द मोजायचेच असतील तर पोरासमोर मोबाईलचं घड्याळ लावू नका. घड्याळ दिसलं की पोर धावतं, आणि धावताना 'आहे'ला 'होता' वाचून पुढे जातं. त्याला न वाचलेल्या पानावरचा छोटा उतारा द्या. तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडे नुसती नजर ठेवा, मिनिट झालं तिथे मनात खूण करा, आणि उतारा पूर्ण वाचू द्या. मग पुस्तक मिटून विचारा, "गोष्टीत कोण कोण होतं? मंग काय झालं?" शब्द चाळीस झाले आणि उत्तर आलं, तर मला सांगायला या. सत्तर झाले आणि उत्तर आलं नाही, तर आधी या.